मासळी म्हणजे सगळी एक नव्हे : समुद्रातील प्राण्यांची ओळख



आपल्या पानावर आजवर ज्वारी, कापूस, कोंबड्या, विहिरीचे पाणी, मुलांचा जुलाब अशा विषयांवर आपण बोललो. समुद्र हा आपला विषय नव्हता. आपण तापीकाठची माणसे. समुद्र आपल्या गावात येतो तो फक्त आठवड्याच्या बाजारात, सुकट आणि बोंबलाच्या टोपलीतून. तरीही या वेळी आम्ही समुद्राविषयी लिहीत आहोत, आणि त्याला कारण घडले आहे.

नाताळानंतर आम्ही सात-आठ जण एका लग्नासाठी सुरतेला गेलो होतो. खानदेशातून सुरतेला जाणे काही नवे नाही. भुसावळ-सुरत गाडीत बसावे, अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत असलेले नवापूर स्टेशन मागे टाकावे, की सुरत आलेच. घरोघरचे कोणी ना कोणी तिथे कामाला आहे. लग्नाच्या दुसऱ्या रात्री जेवायला कोलंबीचा रस्सा होता. आमच्यातील एका तरुणाने आयुष्यात प्रथमच कोलंबी खाल्ली. अर्ध्या तासात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज बसला आणि श्वास घेताना घरघर होऊ लागली. रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले म्हणून तो वाचला.

डॉक्टरांनी नंतर विचारले, “याला पूर्वी कधी असे झाले होते का?” आम्ही सर्वांनी ‘नाही’ म्हणून सांगितले. तेव्हा त्याची आई हळूच म्हणाली, “सुकटीची चटणी खाल्ली की त्याच्या तोंडाला खाज सुटते. पण बोंबील खाल्ला तर काही होत नाही. म्हणून आम्ही समजलो, उष्णता असेल.”

डॉक्टर म्हणाले, “सुकट आणि कोलंबी एकाच कुळातली. बोंबील वेगळ्या कुळातला. हे ठाऊक असते तर आजचा प्रसंग टळला असता.”

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. आपल्याला पाण्यातले सगळे ‘मासळी’च वाटते. पण गाय, कोंबडी आणि मधमाशी यांना आपण एका नावाने हाक मारत नाही. मग समुद्रातल्या प्राण्यांना का मारावी? परतण्यापूर्वी आम्ही डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. तेथील माछी समाजाच्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हांला बरेच दाखवले व समजावले. त्या दिवशी पाहिलेले आणि नंतर वाचून पडताळलेले येथे देत आहोत.

चिखलाचा समुद्र

डुमस सुरत शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. वाळू काळसर, पाणी गढूळ. आपल्याला चित्रातला निळा समुद्र ठाऊक असतो, त्यामुळे पहिल्यांदा निराशा होते. पण हा गढूळपणाच इथली संपत्ती आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावलेली आपली तापी ७२४ किलोमीटर वाहत येऊन येथे समुद्राला मिळते. नर्मदा, मही, साबरमती याही खंभातच्या आखातातच उतरतात. या नद्यांनी आणलेला गाळ आणि त्यातील अन्न यांवर असंख्य जीव जगतात.

या आखातात भरती-ओहोटी फार मोठी असते. भावनगरच्या बाजूला दोहोंतील फरक १० मीटरच्या घरात जातो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते कमी असते, त्याला भांग म्हणतात. ओहोटीला पाणी दूर जाते आणि मैलभर चिखल उघडा पडतो. नवख्या माणसाने त्या चिखलात आत जाऊ नये. पाय रुततात, आणि भरतीचे पाणी वाटते त्यापेक्षा लवकर येते. तेथील माणसांना वेळ विचारूनच खाली उतरावे.

आता प्राण्यांकडे वळू. पहिला प्रश्न एकच विचारावा : याला पाठीचा कणा आहे की नाही?

१. कणा असलेले : खरे मासे

माशाला पाठीचा कणा असतो, पोहायला पर असतात आणि पाण्यातील प्राणवायू घ्यायला कल्ले असतात. बोंबील, पापलेट, बांगडा, सुरमई, घोळ, मांदेली हे सारे खरे मासे. सन २०२३ मध्ये महाराष्ट्राने चंदेरी पापलेट आणि गुजरातने घोळ हा आपापला राज्यमासा ठरवला, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

बोंबलाला सुरतकडे ‘बुमला’ म्हणतात. ताजा बोंबील लिबलिबीत असतो, कारण त्याच्या अंगात पाणी फार. म्हणूनच तो बांबूच्या मांडवावर टांगून उन्हात वाळवतात, आणि वाळला की कडक होऊन आपल्यापर्यंत टिकतो. त्याचा जबडा मोठा आणि दात सुईसारखे. तो जवळ्याच्या झुंडींवर तुटून पडतो. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

डुमसच्या चिखलावर आम्हांला सर्वांत नवल वाटले ते ‘लेवटा’ पाहून. आपल्या कोकणात यालाच निवटा म्हणतात. हा मासा असूनही ओहोटीच्या वेळी चिखलावर सरपटतो, उड्या मारतो आणि डोक्यावरचे डोळे गरगर फिरवतो. कल्ल्यांपाशी तो पाणी साठवून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. अंग कोरडे पडू नये म्हणून मध्येच चिखलात लोळतो. चिखलावरची शेवाळाची बारीक साय हेच त्याचे खाणे. दक्षिण गुजरातेत लोक तो आवडीने खातात.

पाला हा मासा राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात अंडी घालायला नदीत वर चढतो. नर्मदेच्या मुखाशी भरूचकडे तो आजही पावसाळ्यात पकडतात. अशा माशाला नदीची वाट मोकळी लागते. तापीवर काकरापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाले. धरणाने आपल्याला पाणी व वीज दिली, पण धरण माशाला ओलांडता येत नाही, हेही खरे.

मोरी म्हणजे शार्क आणि पाकट हेही मासेच, मात्र त्यांची हाडे कूर्चेची, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारखी लवचिक असतात. जगातील सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, गुजरातच्या वेरावळकडील समुद्रात येतो. तो माणसाला काही करत नाही, बारीक जीव गाळून खातो. पूर्वी त्याची मोठी शिकार होई. सन २००१ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळाले. पुढे २००४ पासून मोरारी बापूंनी त्याला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा देऊन ‘वहाली’ म्हटले, आणि कोळी बांधव जाळे कापून त्याला सोडू लागले.

कणा आहे, पण मासे नव्हेत

देवमासा आणि डॉल्फिन यांना आपण मासे म्हणतो, पण ते आपल्यासारखे सस्तन प्राणी. ते पिलांना दूध पाजतात आणि श्वास घ्यायला पाण्याबाहेर डोके काढतात. कासव आणि समुद्रसाप हे सरपटणारे प्राणी. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते. तो फार विषारी असतो. जाळ्यात किंवा किनाऱ्यावर निपचित पडलेला दिसला तरी हात लावू नये.

२. सांध्यांच्या पायांचे : कोलंबी, जवळा, खेकडा

यांना कणा नाही. बाहेरून कवच आणि पायांना सांधे. शास्त्रात त्यांना संधिपाद म्हणतात. झुरळ, विंचू, टोळ हे त्यांचे जमिनीवरचे नातेवाईक. कोलंबी, करंदी, सोडे, जवळा, खेकडा, शेवंड हे सगळे या एकाच घराण्यातले.

आणि इथेच आपली चूक झाली होती. बाजारातील सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तो लहान मासा नव्हे, तो कोलंबीचा चुलतभाऊ. ज्याला सुकटीने खाज सुटते त्याला कोलंबी आणि खेकडाही बाधण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला बोंबील किंवा पापलेट चालू शकतो, पण तेथेही सावध राहावे. बोंबलाच्या पोटात जवळा निघतो, आणि बाजारात दोन्ही एकाच फळीवर, एकाच मापाने विकतात. काय चालेल हे डॉक्टरांनाच विचारावे, घरी थोडे-थोडे खाऊन परीक्षा पाहू नये.

खेकडा कवचासकट वाढू शकत नाही. म्हणून तो जुने कवच टाकतो आणि नवे कडक होईपर्यंत मऊ अंगाने बिळात लपतो. त्याच्या पोटाखालची झडप पाहावी : नराची अरुंद व टोकदार, मादीची रुंद व गोल. झडपेखाली अंडी दिसली तर ती मादी परत सोडावी. पेरणीचे बी कोणी दळून खात नाही.

डुमसच्या चिखलात एक नांगी भली मोठी आणि एक इवलीशी असलेले लहान खेकडे हजारोंनी दिसतात. मोठी नांगी फक्त नराला असते. ते दिवसभर बिळे उकरतात, चिखल वरखाली करतात, आणि त्यामुळे चिखलात हवा खेळते. आपल्या शेतात गांडूळ जे काम करते तेच काम तिथे हे खेकडे करतात.

सुरत जिल्ह्यात ओलपाड व चोर्यासी तालुक्यांत आता कोलंबीची तळी मोठ्या प्रमाणात आहेत. पूर्वी तेथे काळी वाघ कोलंबी पाळत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशभर तळीच्या तळी बसली. पुढे २००९ पासून अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील व्हनामेई जातीला परवानगी मिळाली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच दिसते. पैसा येतो, पण धोकाही येतो. खाऱ्या पाण्याचे तळे शेजाऱ्याच्या गोड्या विहिरीत मीठ झिरपवू शकते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये शेतजमिनीचे रूपांतर कोलंबीच्या तळ्यात करू नये, असा निकाल दिला. किनाऱ्याकडे नातेवाईकांची जमीन असेल आणि कोणी दलाल तळ्याचे स्वप्न दाखवत असेल, तर प्रथम कायदेशीर नोंदणी विचारावी, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचाही विचार करावा.

३. मऊ अंगाचे : शंख, शिंपले, माकूळ

यांना ना कणा ना सांधे. अंग मऊ, म्हणून नाव मृदुकाय. गोगलगाय या घराण्यातली. शंखाला एकच कवच. तिसऱ्या व कालवांना दोन झडपा. माकूळ बाहेरून उघडा दिसतो, पण त्याच्या एका जातीच्या पाठीत पांढरे हलके कवच असते. वैद्याच्या दुकानात ‘समुद्रफेन’ म्हणून मिळते, पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला टांगतात, ते हेच. फेस मुळीच नव्हे!

तिसऱ्या आणि कालवे एका जागी बसून पाणी आत ओढतात, अन्न गाळून घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. एक मोठे कालव दिवसभरात कित्येक घागरी पाणी गाळते. पाण्यात घाण असेल तर तीही त्याच्या अंगात साठते : गटाराचे जंतू, कारखान्यांतील जड धातू, काही कीटकनाशके. म्हणून शहराच्या नाल्याजवळचे शिंपले फुकट मिळाले तरी आणू नयेत. त्यातून जुलाब, कावीळ, पटकी होऊ शकते. शिजवण्यापूर्वी ज्याचे तोंड उघडे आहे व टिचकी मारूनही मिटत नाही तो मेलेला, तो टाकावा. उकळल्यावर ज्याचे तोंड उघडत नाही तोही टाकावा.

४. पाण्याच्या पिशव्या आणि तारे

जेलीफिशच्या अंगात शंभरातले पंच्याण्णव भाग पाणीच. तिला हाड, मेंदू, हृदय काही नाही. मात्र तिच्या लोंबत्या दोऱ्यांत विषाच्या सूक्ष्म कुप्या असतात. ती किनाऱ्यावर मरून पडली तरी त्या फुटून डंख होतो. पोवळे हे तिच्याच कुळातले. पोवळ्याला नितळ पाणी लागते, म्हणून ते सुरतच्या गाळात दिसत नाही. ते पाहायचे तर जामनगरकडे कच्छच्या आखातात जावे. तेथे १९८२ मध्ये देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. तेथेच तारामासाही भेटतो. नावात ‘मासा’ असला तरी तो मासा नव्हे. पोटाखालच्या शेकडो बारीक नळ्यांवर तो चालतो, आणि त्याचा एक हात तुटला तर नवा फुटतो.

डंख झाल्यास

- जेलीफिश : चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, गोड्या पाण्याने नाही. चिकटलेले दोरे चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढावेत. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवावा. लघवी, रॉकेल, चुना लावू नये.
- पाकट : हा वाळूत दडून बसतो, पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. मुंबईत २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर कित्येकांना असा दंश झाला होता. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे तो आधीच पळतो. दंश झाल्यास सोसवेल इतके गरम पाणी आणि दवाखाना. धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्यावे. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर स्वतः उपसू नये.
- समुद्रसाप : चावा दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. हातपाय हलवू न देता लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.
- खाल्ल्यावर ओठ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे : लिंबू, साखर, मंत्र यांत एक मिनिटही घालवू नये. रोग्याला आडवे ठेवावे, दम लागत असेल तर बसवावे, चालवू नये, आणि थेट दवाखान्यात न्यावे.

घरात आणि शेतात

मासे उत्तम अन्न आहे. मांदेलीसारखे बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर चुनाही मिळतो. मात्र पुढील गोष्टी पाळाव्यात.

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात तासन्‌तास राहिले तर त्यांत एक विष तयार होते. ते शिजवून जात नाही. तोंड लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर पित्त उठणे ही त्याची लक्षणे. बर्फाशिवाय आलेला स्वस्त मासा महाग पडतो. फुग्यासारखा फुगणारा मासा तर कधीच खाऊ नये. त्याच्या काळजातील विषही शिजवून जात नाही. गरोदर बायांनी मोठ्या शार्कचे मांस टाळावे, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. लहान मासे त्यांना बरे.

सुकी मासळी आणल्यावर कोमट पाण्यात दोन-तीनदा धुवावी. मीठही उतरते आणि किडीसाठी काही फवारले असल्यास तेही काही प्रमाणात जाते. रक्तदाबाच्या माणसांनी ती क्वचितच खावी. बुरशी आलेली असेल तर उकिरड्यावर टाकावी.

खराब सुकट कोंबड्यांना घालण्याची आपली सवय आहे. पण खारट सुकट जास्त झाली तर कोंबड्या मिठाने मरतात. त्यांना शिंपल्यांचा चुरा द्यावा, अंड्याचे कवच मजबूत होते. मासळीचे खत घालायचे असल्यास आधी मीठ धुऊन काढावे, नाहीतर आपणच आपली जमीन खारवू.

शेवटी

निघताना त्या माछी गृहस्थांनी आम्हांला विचारले, “तुम्ही कुठले?” आम्ही म्हणालो, “तापीकाठचे, पण फार वरचे.” ते हसून म्हणाले, “मग आपण एकाच नदीचे. तुम्ही वर, आम्ही खाली.”

बोलणे साधे, पण विचार करायला लावणारे. औषधाचा रिकामा डबा आपण ओढ्यात धुतो. ओढा तापीला मिळतो, आणि तापी त्या शिंपल्यांना, त्या जवळ्याला, त्या बोंबलाला. नदीत पडलेले शेवटी समुद्राकडेच जाते, आणि समुद्र आपल्या बाजारात येतो. म्हणून फवारणीचा पंप व डबे ओढ्या-नदीत धुऊ नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.

तो तरुण आता बरा आहे. त्याच्या आईने घरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे : सुकट, सोडे, कोलंबी, खेकडा, शेवंड – नको. आपल्या घरी कोणाला सुकटीने खाज सुटत असेल, तर तुम्हीही आजच विचारा, डॉक्टरांना दाखवा आणि लिहून ठेवा. लग्नाच्या पंगतीत सांगायला ते नाव ठाऊक असले पाहिजे.